करडांचा स्वस्त खुराक

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी कोणी तरी बाहेरच्या विदुषी येऊन बोलतात. यंदा बाईंनी मला उभे केले. मी म्हटले, "बाई, मला भाषण येत नाही." त्या म्हणाल्या, "शेळ्या पाळता येतात ना? मग शेळ्यांवरच बोला." तेव्हा मी शेळ्यांवर बोलणार आहे. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, पण मी त्यांच्या मागे रोज पायी चालते, एवढाच माझा अधिकार समजा.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. मी तर म्हणेन, ती बाईची गाय आहे. सोयाबीनचे पैसे, उसाचे पैसे घरधन्याच्या हाती येतात आणि त्याच वाटेने जातात. बोकडाचे पैसे मात्र बहुतेक घरी बाईच्या डब्यात पडतात. आपल्या धाराशिव-लातूरकडची काळी उस्मानाबादी शेळी तर जुळी देण्यात नावाजलेली. दोन शेळ्या असल्या की वर्षाला चार करडे घरात खेळतात. पण त्या चारांतली बाजारापर्यंत किती पोचतात, हे ज्याच्या त्याच्या गोठ्याला ठाऊक. करडू मेले की आपण म्हणतो, नशीब. किंवा म्हणतो, खुराक परवडला नाही. आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की खुराक स्वस्तात होतो, अगदी आपल्या शेतात आणि बांधावर होतो. पण तो कोणत्या वयाच्या पोटात घालायचा, हे आधी समजले पाहिजे. हे मला दोन करडे गमावून समजले.

सन 2016 चा उन्हाळा तुम्ही कोणी विसरला नसाल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तो उन्हाळा. माणसाच्या पाण्याची ही गत, तिथे जनावरांना कोण विचारतो! कडब्याची पेंडी दृष्टीस पडत नव्हती. माझ्याकडे दोन शेळ्या होत्या आणि त्यांची चार करडे, अडीच महिन्यांची. पेंडीची गोणी आणायला पैसे नव्हते. त्या चारांपैकी दोन चांगली अंगापिंडाची होती, एक बोकड आणि एक पाठ. आमची थोरली त्या वर्षी सातवी पास झाली होती. गावातली शाळा तिथेच संपते. तिला तालुक्याला ठेवायचे तर खर्च आला, आणि तो खर्च या दोघांवर काढायचा, असे मी मनाशी ठरवून ठेवले होते. माझी स्वतःची शाळा सातवीलाच सुटली. तिची सुटू द्यायची नाही, एवढी एकच गोष्ट माझ्या मनात होती.

मे महिन्यात शेजारी लग्न निघाले. पंगती उठल्या आणि भात, पोळ्या, बुंदी असे पुष्कळ उरले. टाकून द्यायला निघालेले अन्न पाहून माझा जीव तुटला. मीच पुढे होऊन म्हटले, "आमच्या करडांना द्या." फुकट ते पौष्टिक, असे आपण हसून म्हणतो ना, तसा माझा विचार. घमेले भरून आणले आणि करडांपुढे ठेवले. महिनाभर सुक्या पाल्यावर राहिलेली ती करडे, अशी तुटून पडली की पाहून मला समाधान वाटले. दोघे दांडगे पुढे घुसले, दोघे मागे ढकलले गेले.

रात्री उठून पाहिले तर ते दोघे मान खाली घालून उभे. डावी कूस फुगलेली. दात कराकरा वाजवीत होते. पातळ हगवण लागली होती. आम्ही रात्रभर बसून राहिलो. पहाटे बोकड गेला. सकाळी पशुवैद्यक डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली, पण दुपारी पाठही गेली. मागे ढकललेली दोन मरतुकडी मात्र वाचली. आमच्या सासूबाई एवढेच म्हणाल्या, "तान्ह्या लेकराला कुणी पंगतीला बसवतं का गं?" रागे भरल्या असत्या तर बरे वाटले असते. थोरली त्या वर्षी घरीच राहिली.

डॉक्टरांनी त्या दिवशी गोठ्याच्या दारात उभे राहून मला समजावून सांगितले, ते मी तुम्हांला माझ्या भाषेत सांगते. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतला सर्वांत मोठा तो कोटीपोट. चारा त्यात पडतो, तिथले डोळ्यांना न दिसणारे जीव तो आंबवतात, मग शेळी रवंथ करते. पण करडू जन्मते तेव्हा हे कोटीपोट अगदी लहान असते आणि काम करीत नाही. प्यालेले दूध त्याला वगळून सरळ चौथ्या कप्प्यात जाते. म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे करडू हे आपल्या तान्ह्या बाळासारखेच, दुधावरचे जीव. पुढे थोडा भरडा आणि थोडा पाला चघळता चघळता कोटीपोट घडते. भरड्याने त्याची आतली भिंत तयार होते, पाल्याने ते आकाराने वाढते. हे घडायला अडीच-तीन महिने जातात. ज्याला दाण्याची सवय नाही त्याच्या पोटात एकदम भात आणि गोड पडले की इडलीचे पीठ उबेला फुगावे तसे ते आत आंबते. आंबट वाढते, पोटातले चांगले जीव मरतात आणि विष अंगात भिनते. आणि ज्याने जास्त खाल्ले, तो आधी जातो. म्हणून घरातली दांडगी करडेच अशी जातात.

तेव्हा पहिली गोष्ट. करडाच्या खुराकात काटकसर करायची ती दुधात करू नये. व्यालेल्या शेळीची वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती सोडून द्या. करडू पुसून कोरडे केले, सड धुतले, की पहिल्या अर्ध्या-एक तासात चीक पोटात गेला पाहिजे. रोगाशी झगडण्याची ताकद त्याला चिकातूनच मिळते, आणि जसजसे तास जातात तसतसे ती घेण्याचे त्याचे सामर्थ्य कमी होते. वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक दिवसात जावा. अडीच किलोचे करडू असेल तर पाव लिटर, तीन-चार वेळा वाटून. पुढे महिनाभर दुधाचेही हेच मान. म्हणजे महिन्याला एका करडामागे नऊ-दहा लिटर दूध झाले. चहाला दूध हवे असते, शेजारी मागतात, दूध विकले तर हाती पैसे येतात, हे सगळे मला ठाऊक आहे. पण पहिल्या महिन्यात करडाच्या तोंडचे दूध काढून त्याला पिठाचे पाणी पाजणे, याला मी स्वस्त खुराक म्हणत नाही. त्याने हगवण लागते आणि वाढ खुंटते ती खुंटतेच. दुसऱ्या महिन्यापासून दूध थोडे थोडे कमी करावे आणि तिसरा महिना भरला की तोडावे.

आता जिथे खरी काटकसर होते तिकडे वळू. तिसऱ्या आठवड्यापासून करडू आईचे पाहून पाल्याला तोंड लावू लागते. त्या वेळी त्याला चिमूटभर भरडा दाखवावा. पहिले चार-आठ दिवस ते खाते कमी आणि सांडते जास्त. सांडू द्यावे. उरलेला संध्याकाळी काढून आईला घालावा, दुसऱ्या दिवशी ताजा ठेवावा. शिळा, ओला भरडा करडापुढे राहू देऊ नये.

हा भरडा मी घरी करते. दहा किलोचे प्रमाण सांगते, लिहून घ्यायचे त्यांनी घ्यावे. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा चार किलो, तुरीची चुनी अडीच किलो, शेंगदाण्याची पेंड दोन किलो, गव्हाचा कोंडा सव्वा किलो, खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम आणि मीठ पन्नास ग्रॅम. किडकी-फुटकी ज्वारी आपण धान्य निवडताना बाजूला काढतोच, ती चालते, पण बुरशी आलेली मुळीच नको. चुनीसाठी तर आपल्याला लांब जायला नको. लातूर म्हणजे डाळमिलचे गाव. डाळ माणसे खातात, आणि डाळ करताना निघालेला चुरा व टरफल म्हणजे चुनी. तीत अंग धरायला लागणारे सत्त्व पुष्कळ असते आणि ती पेंडीपेक्षा बरीच स्वस्त पडते. पेंड दोन किलोच घालायची ती याच कारणाने. गेल्या खेपेस माझे हे दहा किलो तीनशे रुपयांच्या आसपास पडले.

द्यायचे किती? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिवसाला वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच चमचे. दुसऱ्या महिन्यात पन्नासपासून चढत शंभर ग्रॅम. तिसऱ्या महिन्यात दीडशे. तेही दोन वेळा वाटून. वाढवायचे ते आठवड्याला थोडे थोडे, एकदम नाही. तीन महिन्यांचा हिशेब केला तर एका करडाला सातेक किलो भरडा लागतो. सात किलो म्हणजे दोनशे-सव्वादोनशे रुपये. एवढ्या खर्चाला भिऊन आपण करडू उपाशी ठेवतो आणि मग बाजारात व्यापारी त्याची पाठ चाचपून निम्मा भाव सांगतो.

पाला हा त्याहून स्वस्त, कारण तो फुकट आहे. शेवरी, हादगा, सुबाभूळ, शेवगा, बोर, बाभूळ, यांतले दोन-तीन प्रकार तरी सर्वांच्या बांधाला असतात. शेवग्याच्या शेंगा आपण आमटीत घालतो आणि छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकतो. त्या पाल्यात सत्त्व किती असते, ते करडांना विचारा! शेवरी तर पावसाळ्याच्या तोंडाला बांधावर बी टाकले की काही महिन्यांत कापायला येते. सुबाभूळ मात्र जपून. तिच्यात एक दोष आहे, तो फार पोटात गेला तर केस गळतात आणि वाढ थांबते. म्हणून एकूण पाल्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको. कोणताही पाला तोडल्यावर दोन-तीन तास सावलीत सुकू द्यावा आणि जुडी बांधून करडाच्या तोंडाच्या उंचीला टांगावा. जमिनीवर टाकलेला पाला शेळी तुडवते आणि तुडवलेल्याला तोंड लावीत नाही. मोठी मानी जात! केवळ टांगू लागल्यापासून माझा निम्मा पाला वाचला.

उन्हाळ्यात हिरवे संपते तेव्हा बाभळीच्या शेंगा कामाला येतात. त्या आपोआप गळतात, मुलांनी गोळा कराव्या. पण अख्ख्या शेंगा करडांना घालण्यात अर्थ नाही. बी टणक असते, ते लेंडीतून जसेच्या तसे बाहेर पडते. शेंगा वाळवून, कुटून, मग भरड्यात मूठभर मिसळाव्या. त्या तुरट असतात, म्हणून मूठभरच. दोन महिन्यांपुढच्या करडांना तुरीची, हरभऱ्याची गुळी चालते. सोयाबीनची गुळीही चालते, पण चाळून माती काढावी. सोयाबीनचा कच्चा दाणा मात्र घालू नये, तो पचत नाही. कोणी विचारतात, चिंचोके चालतील का? भाजून, टरफल काढून, भरडून चालतात. पण चिंचोक्याला बाजारात भाव आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा चिंचोके विकावे आणि त्या पैशांत चुनी आणावी. घरचे आहे म्हणून स्वस्त आहे, असे नेहमीच नसते.

आता काय देऊ नये, तेही ऐका, कारण माझे नुकसान तिथेच झाले. लग्नाकार्यातले उरलेले अन्न करडांना दाखवूसुद्धा नये. सरकीची पेंड मोठ्या जनावरांना चालते, कोवळ्या करडांना तिच्यातला दोष बाधतो. शेंगदाण्याची पेंड ओलसर, कुबट वासाची असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. बुरशीचे विष उन्हात वाळवून जात नाही. युरियाची प्रक्रिया केलेला चारा सहा महिन्यांच्या आतल्या करडाला नको. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी आणि कापल्यावर खोडाला फुटलेले पोंगे विषारी असतात, त्यांनी मोठी शेळीही मरते. कण्हेर आणि घाणेरी यांच्याजवळ करडे बांधू नयेत. आणि स्वस्त खुराकाने लसीचे काम होत नाही. आंत्रविषाराची आणि पीपीआरची लस, तसेच जंताचे औषध, डॉक्टर सांगतील त्या वयाला द्यावे.

एक लहानशी युक्ती सांगते. करडांचा भरडा मोठ्या शेळ्या क्षणात फस्त करतात. म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात बांबूच्या काठ्या उभ्या रोवा, दोन काठ्यांमध्ये फक्त करडू जाईल एवढीच फट ठेवा. करडे आत जातात, आया बाहेर उभ्या राहून पाहतात. आत भरड्याचे भांडे आणि स्वच्छ पाणी ठेवायचे. आणि भांड्यावर एक दांडगा बसून राहतो असे दिसले तर दोन भांडी लांब लांब ठेवायची. त्या मे महिन्यात माझ्यापाशी दोन घमेली असती, तर निदान एक तरी वाचले असते असे मला अजून वाटते.

दुसरी गोष्ट, वजन करा. धान्याचा ताणकाटा गोठ्याच्या आढ्याला अडकवा, पिशवीत करडू घाला, दर पंधरा दिवसांनी आकडा वहीत लिहा. दिवसाला सत्तर-ऐंशी ग्रॅम वाढले तर खुराक लागू पडतो आहे. वाढ थांबली तर मरण्याची वाट न पाहता कारण शोधायला वेळ मिळतो. डोळ्यांना रोजचे करडू रोज सारखेच दिसते. काट्याला तसे दिसत नाही. माझी करडे आता तीन महिन्यांना नऊ किलोच्या आसपास भरतात. त्यांना मी फार महागाचे काही घातलेले नाही. वेळेला दूध आणि बेताने बाकीचे, एवढेच.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपण दर महिन्याला भिशी जमवतो. तशीच वर्षातून दोनदा चुनी आणि खनिज मिश्रण एकत्र आणू. एकटीने पाच किलो मागितले की दुकानदार हसतो, पंचवीस जणींनी मिळून मागितले की भाव सांगतो. आणि शेवरीचे बी मी घरचे राखून ठेवले आहे. मेळावा संपल्यावर ज्यांना हवे त्यांनी ओटीत घेऊन जावे. हळदीकुंकवाला वाटायला याहून चांगले वाण मला सुचले नाही.

राहिली ती दोन मरतुकडी करडे. दोन्ही पाठी होत्या. त्यांना मी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पाल्यावर आणि मोजून दिलेल्या भरड्यावर वाढवले. त्या दोघींच्या पोटची करडे पुढे माझा गोठा झाली. थोरली एक वर्ष उशिरा, सन 2017 मध्ये तालुक्याच्या शाळेत गेली. शिकली. आज वजनाची वही तीच लिहिते आणि माझे मांडणीत चुकले की लाल शाईने गोल करते. तिचे ते एक वर्ष मात्र गेले ते गेलेच. ते मी घमेलेभर फुकटच्या भातात घालवले. तुमच्यापैकी कोणाच्या लेकीचे असे वर्ष जाऊ नये, म्हणून धीर करून मी आज उभी राहिले.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असेल तर लहान बहीण समजून पदरात घ्यावे.